राजवटीचा धर्म आणि राजवटीचे कर्म



दिवसभराची कामे आटोपून, उन्हाने तापलेले डोके अजून निवले नसताना आपण येथे येऊन बसता, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. अशा श्रोत्यांपुढे बोलताना वक्त्याने त्यांना आवडेल तेवढेच सांगून निघून जाणे बरे नव्हे. म्हणून आज एक अवघड प्रश्न घेण्याचे आम्ही ठरविले आहे. एखादी राजवट आपल्या प्रजेवर हात उगारते, गावे जाळते, माणसे मारते. त्या वेळी राज्यकर्त्यांचा धर्म अमुक होता एवढे सांगितले म्हणजे त्या कृत्यांची संगती लागते काय? असा हा प्रश्न आहे.

जगाच्या इतिहासातून यासाठी पुष्कळ उदाहरणे काढता येतील. पण दूरच्या उदाहरणांत एक सोय असते. तेथे आपण न्यायाधीश असतो, आपल्या अंगाला काही लागत नाही. म्हणून आम्ही जवळचे उदाहरण निवडले आहे: हैदराबाद संस्थान आणि १९४७-४८ मधील रझाकारांची कारकीर्द. मराठवाड्यातील पाच जिल्हे या राज्यात होते. तेथील कित्येक घरांत त्या दिवसांच्या आठवणी आजोबांकडून नातवांकडे आलेल्या आहेत. १७ सप्टेंबर हा दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. तेव्हा हे आपल्या घरचे प्रकरण आहे, आणि घरच्या प्रकरणातच माणसाच्या विचाराची खरी परीक्षा होते.

प्रथम पूर्वपक्ष मांडू, आणि तो प्रामाणिकपणे मांडू. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे हे राज्य. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या १ कोटी ६० लाखांवर. तीत मुसलमान आठांत एक, म्हणजे साडेबारा-तेरा टक्के. राजा मुसलमान. वरच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा भरणा मोठा. प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी, कानडी. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच. सभा भरवावयाची, खाजगी शाळा काढावयाची, आखाडा घालावयाचा, तर सरकारची परवानगी हवी. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली. पुढे इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना प्रबळ झाली आणि लातूरला वकिली करणारे कासीम रझवी तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या रझाकारांनी काय केले ते बिदर जिल्ह्यातील गोर्टा आणि तेलंगणातील बैरानपल्ली ही दोन नावे उच्चारली तरी जाणत्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहील. जाळणारे कोणत्या धर्माचे होते आणि जळणारे कोणत्या धर्माचे होते, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. मग आणखी शोधावयाचे काय राहिले? पूर्वपक्ष असा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही.

तथापि एखाद्या गोष्टीचे कारण सांगावयाचे म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ती गोष्ट तेव्हाच का घडली? तेथेच का घडली? आणि ज्यांनी केली त्यांनीच का केली? धर्म हे कारण धरून या तिन्ही प्रश्नांना सामोरे जाऊ.

पहिला प्रश्न काळाचा. दक्षिणेत आसफजाही घराण्याची सत्ता १७२४ पासून आहे. म्हणजे १९४८ पर्यंत सव्वादोनशे वर्षे भरतात. एवढा काळ राजाचा धर्म एकच होता. प्रजेचाही बहुतांश धर्म बदलला नाही. या काळात जुलूम झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु गावोगाव शस्त्रधारी टोळ्या फिरत आहेत आणि राज्याचे पोलीस त्यांच्या पाठीशी उभे आहेत, हा प्रकार शेवटच्या वर्ष-दीड वर्षाचा आहे. याच राज्यात महाराजा किशनप्रसाद हे हिंदू गृहस्थ दोन वेळा मिळून वीसांहून अधिक वर्षे कारभाराच्या शिखरावर होते. जी गोष्ट सव्वादोनशे वर्षे जशीच्या तशी होती, ती एका वर्षात पेटलेल्या आगीचे पुरेसे कारण कशी होईल? चुलीत लाकूड केव्हाचे पडून आहे. ते आजच का पेटले याचे उत्तर लाकडात सापडत नाही, काडी कोणी ओढली ते पाहावे लागते.

दुसरा प्रश्न स्थळाचा. इंग्रज जाणार हे ठरल्यावर स्वतंत्र राहण्याचे स्वप्न एकट्या निझामांनाच पडले नव्हते. त्रावणकोर संस्थानाकडे पाहा. तेथील राजा स्वतःला श्रीपद्मनाभाचा दास म्हणवून देवाच्या नावाने राज्य करीत असे. दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर हे विद्वान हिंदू गृहस्थ. त्यांनी जून १९४७ मध्ये स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला आणि पाकिस्तानात आपला प्रतिनिधी नेमण्याचीही घोषणा केली! त्याच्या आधी, ऑक्टोबर १९४६ मध्ये, पुन्नप्रा आणि वायलार येथे या राज्याच्या फौजेने बंड करून उठलेल्या कामगारांवर गोळ्या चालविल्या. मरणारांत बहुसंख्य हिंदू, मारणारे सरकारही हिंदू. जुलै १९४७ मध्ये दिवाणांवर प्राणघातक हल्ला झाला आणि मग थोड्याच दिवसांत संस्थान भारतात सामील झाले. आता उलट बाजू पाहा. रामपूरचे नवाब मुसलमान. ते सामील होणाऱ्या पहिल्या संस्थानिकांपैकी होते. भोपाळच्या नवाबांनी बरीच खळखळ केली, पण ऑगस्ट १९४७ मध्ये सही दिली. एकाच धर्माचे राजे दोन वाटांनी गेले आणि दोन धर्मांचे राजे एका वाटेने गेले. यावरून असे म्हणावे लागते की गादीचा स्वभाव गादीवर बसणाऱ्याच्या धर्माहून अधिक बलवान असतो.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. कोण कोणत्या बाजूला उभा होता?

सर मिर्झा इस्माईल हे निझामांचे मुसलमान पंतप्रधान. वाटाघाटींचा मार्ग धरणाऱ्या या गृहस्थांना इत्तेहादच्या विरोधापुढे टिकता आले नाही. त्यांच्यानंतर छत्तारीचे नवाब आले. तेही मुसलमानच. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे, भारताशी जैसे थे करार करण्यासाठी त्यांचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच इत्तेहादच्या जमावाने शिष्टमंडळातील लोकांच्या घरांना गराडा घातला. छत्तारींनी राजीनामा दिला. म्हणजे या चळवळीने सत्तेचा पहिला घास घेतला तो मुसलमान मुत्सद्द्यांचा.

त्यानंतर मीर लायक अली यांचे मंत्रिमंडळ आले. रझाकारांचा धुमाकूळ चालला तो या मंत्रिमंडळाच्या डोळ्यांदेखत. त्यात उपपंतप्रधान कोण होते? पिंगळी व्यंकटराम रेड्डी. दलितवर्गाचे एक पुढारी बी. एस. व्यंकटराव हेही त्यात मंत्री होते.

तेलंगणात जा. तेथे शेतकऱ्याच्या मानेवर जोखड होते ते वेठीचे, आणि ते लादणारे देशमुख बहुतेक हिंदू होते. नलगोंडा जिल्ह्यातील विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी यांचे नाव या संदर्भात कुप्रसिद्ध आहे. त्यांच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या हा गरीब तरुण ठार झाला. त्याच्याही काही वर्षे आधी, याच देशमुखाच्या मुलखात शेख बंदगी नावाचा मुसलमान शेतकरी आपल्या जमिनीच्या तुकड्यासाठी कोर्टात झगडला आणि त्याचाही खून झाला. तेलंगणाच्या लढ्याच्या स्मृतीत कोमरय्या आणि बंदगी ही नावे शेजारी शेजारी आहेत. एक हिंदू, एक मुसलमान. दोघांचा वैरी एक, आणि तो वैरी हिंदू. त्या देशमुखाच्या गढीचे रक्षण मात्र निझामांची पोलीस करीत होती. याच लढ्याचे एक पुढारी मखदूम मोहिउद्दीन हे उर्दूचे नामवंत कवी होते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि शोएबुल्ला खान! ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा संपादक तिशीही न गाठलेला तरुण होता. संस्थानाने भारतात सामील व्हावे, रझाकारांना आवर घालावा, असे तो हैदराबाद शहरात बसून लिहीत होता. सात मुसलमान गृहस्थांनी याच आशयाचे पत्रक काढले, तेही त्याने छापले. २१-२२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्याला गाठून मारण्यात आले आणि त्याचा हात तोडण्यात आला. मारेकऱ्यांचा आणि त्याचा धर्म एकच होता. धर्माने माणसाचे वर्तन ठरते असे म्हणणाऱ्यांनी शोएबुल्लाला कोणत्या रकान्यात घालावयाचे ते सांगावे.

मग ही आग पेटविली कोणी? आमचे उत्तर साधे आहे. संस्थानचा सुमारे चाळीस टक्के भाग जहागिरींत आणि निझामांच्या सर्फ-ए-खास नावाच्या खाजगी मुलखात मोडत असे. जबाबदार राज्यपद्धती आली की जहागिरी जाणार, हे जहागीरदारांना कळत होते. प्रजेच्या भाषांत कारभार सुरू झाला की उर्दूच्या बळावर मिळालेल्या नोकऱ्यांची मक्तेदारी जाणार, हे नोकरवर्गाला कळत होते. डोक्यावरचे इंग्रजांचे छत्र गेले की सामील होणे किंवा झगडणे एवढेच हाती उरते, हे खुद्द निझामांना कळत होते. या तिघांच्या भीतीने १९४७ साली टोक गाठले. ‘तेव्हाच का’ याचे उत्तर येथे मिळते, ‘तेथेच का’ याचेही मिळते, आणि हिंदू देशमुख गढीत निर्धास्त व मुसलमान संपादक रस्त्यावर रक्तबंबाळ, हे कोडेही येथेच सुटते.

पण मग धर्माचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता काय? असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशीही आम्ही सहमत नाही. संबंध होता आणि तो भयंकर होता. इत्तेहादने सिद्धान्त मांडला होता की राज्यातील प्रत्येक मुसलमान हा सत्तेचा भागीदार आहे, निझाम हे त्या सामुदायिक सत्तेचे केवळ प्रतीक. ज्याच्या घरी दोन वेळची भाकरी नाही अशा टांगेवाल्याला, विणकराला, शिपायाला हा सिद्धान्त सांगतो की तू राजा आहेस! जहागीरदाराने त्याला एक बिघा जमीन दिली नाही, नबाबाने त्याच्या मुलाला शाळेत घातले नाही. राजेपण मात्र फुकट वाटले. त्यातच फाळणीच्या दंगलींत पोळलेली, घरेदारे गमावलेली माणसे बाहेरून हैदराबादेत आली होती. त्यांच्या दुःखाला सूडाची वाट दाखविणे कठीण नव्हते. मूठभरांच्या हितासाठी हजारोंना मरावयास आणि मारावयास तयार करावयाचे, तर हिताची भाषा उपयोगी पडत नाही. ते काम धर्माच्या भाषेने केले. शेजाऱ्याचे घर जाळताना मन कचरते. ते कचरू नये म्हणून तिचा उपयोग झाला. एवढा अपराध त्या भाषेच्या पदरी निश्चित घातला पाहिजे.

येथे कोणी विचारील की रझाकार स्वतःच धर्माचे नाव घेत होते, मग त्यांचा शब्द आपण का मानू नये? कारण तो आरोपीचा जबाब आहे. रझवींचा सारा दावा एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा: ‘मी बोलतो ते सर्व मुसलमानांच्या वतीने बोलतो.’ हा दावा खोटा आहे हे शोएबुल्लाने मरून दाखविले. आता जो हिंदू म्हणतो, ‘रझाकारांनी केले ते मुसलमान म्हणून केले, तेव्हा मुसलमान सगळे तसेच,’ तो कळत नकळत रझवींच्याच दाव्यावर आपला अंगठा उमटवितो. वकील रझवी कोर्टात हरले, पण त्यांचे म्हणणे प्रतिपक्षाने मान्य केले, असा हा चमत्कारिक खटला आहे.

हा केवळ तर्काचा खेळ असता तर त्यासाठी आपला वेळ आम्ही घेतला नसता. या चुकीच्या कारणमीमांसेची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निझामांनी शरणागती जाहीर केली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो टाकण्याचा त्यांना पुरा अधिकार होता. परंतु त्यानंतरच्या दिवसांत काय झाले ते आपण मोकळेपणाने फारसे बोलत नाही. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यात फिरून पाहणी केली. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसांचे प्राण गेले असा अंदाज त्यांनी दिला. सर्वांत अधिक झळ लागलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. यांतील दोन आपले आहेत. तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव. लातूर त्यातच होते. काही ठिकाणी गणवेशातील माणसेही या कृत्यांत सामील झाली, असेही अहवाल नोंदवितो. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आकड्यांविषयी वाद आहे आणि अनेक दशके तो प्रसिद्धही झाला नाही. आकडा निम्मा धरला तरी प्रश्न तोच राहतो. या मेलेल्यांत किती रझाकार होते? बंदूक हाती धरलेले पुष्कळसे आधीच पळाले होते किंवा पकडले गेले होते. मागे राहिला तो गावातला अत्तार, पिंजारी, कासार, न्हावी. त्याने निझामांना कधी पाहिलेही नव्हते. तरी सुडाच्या बाजारात तो निझामांचा जामीनदार ठरला. त्याचा गुन्हा एकच होता, त्याचे नाव.

आणि ज्यांच्या नावाने हे सारे झाले त्यांचे काय झाले? निझाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. कासीम रझवींवर खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये ते सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. जे राजवटीचे खरे भागीदार होते त्यांचा हिशेब कायद्याने आणि तनख्याने मिटला. जे केवळ धर्माने तिच्याशी जोडले गेले त्यांचा हिशेब विळ्या-कुऱ्हाडींनी मिटविण्यात आला. धर्माला कारण मानले की शिक्षा नेमकी चुकीच्या माणसापर्यंत पोहोचते, याहून अधिक स्पष्ट पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि तीही सांगितली पाहिजे. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले. विशेषतः एकाच धंद्यातील माणसांनी एकमेकांना सोडले नाही. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि ते करताना त्यांतील काहींनी आपले प्राणही गमावले. या विणकरांनी ग्रंथ वाचले नव्हते. पण शेजारच्या मागावर बसणारा माणूस कोण आहे, काय खातो, कोणाचे कर्ज फेडतो, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत होते. म्हणून ‘रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार’ हे समीकरण त्यांच्यापुढे टिकले नाही. कारणमीमांसेत भल्याभल्या पंडितांना जे साधले नाही ते त्यांना साधले.

मुक्तिसंग्रामाचे नेते या बाबतीत आपल्याहून अधिक जागरूक होते. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी झुंज दिली ती एका सरंजामी राजवटीशी, जबाबदार राज्यपद्धतीसाठी. लढ्याला धर्मयुद्धाचे रूप दिले की मखदूम आणि शोएबुल्ला यांना त्यात जागा उरत नाही, आणि देशमुखांना मात्र आयतीच जागा मिळते, हे ओळखणे कठीण नव्हते. आज आपण त्या लढ्याची गोष्ट मुलांना सांगताना ती धर्मयुद्धाच्या साच्यात ओतू लागलो, तर त्या लढणाऱ्यांचाच आपण अपमान करतो.

तेव्हा आम्ही आपणांकडे एवढेच मागतो. कोणतीही राजवट अत्याचार करू लागली, मग ती कोणत्याही देशातील आणि कोणत्याही धर्माचे नाव घेणारी असो, की तिच्या झेंड्याचा रंग पाहून थांबू नका. हुकूम कोणी काढला, बंदूक कोणी पुरविली, जमीन कोणाच्या नावावर राहिली, आणि तिच्या स्वधर्मीयांपैकी तुरुंगात कोण गेला, हे विचारा. हे प्रश्न विचारल्याने अत्याचाऱ्याला क्षमा मिळते असे कोणी समजू नये. उलट अपराध नेमका ज्याचा त्याच्याच माथी बसतो. रझवींचा अपराध पुरता रझवींचा, जहागीरदारांचा अपराध जहागीरदारांचा, आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये गावात ज्याने शेजाऱ्यावर कुऱ्हाड उचलली त्याचा अपराध त्याचा. धर्माच्या गाठोड्यात बांधला की तो अपराध सगळ्यांचा होतो, म्हणजेच कोणाचाच राहत नाही.

यंदाच्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होईल. त्या वेळी हुतात्म्यांच्या नावांत शोएबुल्ला खान आणि शेख बंदगी ही नावे वाचली जावीत, आणि त्यानंतरच्या महिन्यात नावापायी मारले गेलेल्या निरपराधांसाठी क्षणभर मौन पाळले जावे, अशी आमची सूचना आहे. त्यामुळे मुक्तीच्या तेजाला उणेपणा येणार नाही.